तंबू दारात आले की धर्म कळतो

२०११ साली ऑक्युपाय चळवळीचे लोक लंडनच्या शेअर बाजारावर निघाले. बँका बुडवणाऱ्यांना सरकार वाचवते आणि खर्चकपात गरिबांच्या माथी मारते, हा त्यांचा संताप होता. १५ ऑक्टोबरला पोलिसांनी बाजाराचा चौक अडवला, तेव्हा त्यांनी शेजारच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलसमोर तंबू ठोकले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिथले एक धर्मगुरू जाइल्स फ्रेझर बाहेर आले आणि पायऱ्यांवरून हटायला त्यांनी सांगितले ते पोलिसांना!

इथपर्यंत छान. पुढचे आपल्या तरुणांनी नीट वाचावे.

आठवडाही उलटला नाही तोच आरोग्य आणि सुरक्षेचे कारण सांगून कॅथेड्रलने दारे बंद केली. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच! २८ तारखेला दारे पुन्हा उघडली तेव्हाही तंबू समोरच होते. मग आधी धोका कुणाला होता? पर्यटकांच्या तिकिटाचे उत्पन्न बुडत होते, हे खरे दुखणे. आंदोलकांना हटवण्यासाठी कोर्टाची वाट धरायचे ठरले, तेव्हा चर्चच्या नावाने होणाऱ्या बळजबरीत मी नाही, असे म्हणत फ्रेझर यांनी राजीनामा दिला. चार दिवसांनी डीन ग्रॅम नोल्सही गेले. मग कुठे कॅथेड्रलने खटल्यातून अंग काढले. नगरपालिकेने मात्र तो रेटला, आणि फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीस एका मध्यरात्री तळ उठवला गेला. पायऱ्यांवर प्रार्थना करणाऱ्यांनाही पोलिसांनी ओढून काढले.

न्यूयॉर्कचे ट्रिनिटी चर्च तर मॅनहॅटनमधले बडे जमीनदार. १७०५ साली राणी ॲनने दिलेल्या जमिनीवर त्याची श्रीमंती उभी आहे. त्यांनी आपली मोकळी जागा द्यायला साफ नकार दिला. १७ डिसेंबर २०११ ला तिथले कुंपण ओलांडणाऱ्यांत निवृत्त बिशप जॉर्ज पॅकार्ड होते. त्यांनाही बेड्या पडल्या.

काही मित्र म्हणतात, धर्मस्थळाने राजकारणात पडू नये. अहो, ज्याच्याकडे जमीन आहे तो आधीच राजकारणात आहे. फाटक उघडणे हा निर्णय असेल, तर कुलूप लावणे हाही निर्णयच. करुणेची प्रवचने फुकट असतात, जागा देताना किंमत मोजावी लागते.

आपल्याला हे नवे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपाला सवर्ण हिंदू जागा देईनात. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. समतेवर व्याख्याने देणारे सुधारक तेव्हा कमी नव्हते; बाबासाहेबांच्या मंडपाला लागली ती जमीन.

आता चर्चवर हसणाऱ्यांनी स्वतःच्या गल्लीत यावे. गेल्या पावसाळ्यात कंत्राटी सफाई कामगारांचे धरणे चालू होते. बायाबापड्या भिजत होत्या. आमच्या विहाराचा हॉल रात्रीपुरता मागितला, तर कमिटीचे उत्तर आले : पोलिसांची परवानगी आणा, शिवाय लग्नाचे बुकिंग आहे. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, ‘संघटित व्हा’ची पाटीही आहे. त्या रात्री लग्न नव्हते. हॉल रिकामा होता, दाराला कुलूप होते आणि किल्ली कुणाच्या खिशात होती हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

रविवारी कमिटीची बैठक आहे. किल्लीचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला या. जय भीम!