मारामारीच्या आधीची मिठी

लेखक चक पॉलनिक हा पोर्टलंडमध्ये फ्रेटलायनर या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. एकदा सुट्टीत तंबू घेऊन रानात गेला, शेजारच्या टोळक्याशी गोंगाटावरून जुंपली आणि बेदम मार खाऊन, तोंड सुजवून कामावर हजर झाला. ऑफिसात कुणी विचारलं नाही, ‘काय रे, काय झालं?’ विचारलं असतं तर त्याच्या खासगी आयुष्यात शिरावं लागलं असतं, आणि तेवढी तयारी कुणाचीच नव्हती, असं त्यानं पुढे सांगितलंय. यातूनच ‘फाइट क्लब’ सुचली. आधी सात पानांची कथा, मग १९९६ मध्ये कादंबरी.

पोरांना तिच्यातले ठोसे पाठ असतात. मला मात्र त्याआधीचा भाग अधिक अस्वस्थ करतो. निवेदकाला झोप येत नाही. आजार नसताना तो कॅन्सरच्या रुग्णांच्या आधार-गटांत जाऊन बसतो. तिथे बॉब नावाचा धिप्पाड माणूस त्याला कवटाळतो, हा त्याच्या छातीवर डोकं टेकून रडतो आणि त्या रात्री गाढ झोपतो. पुरुषानं रडावं तर आधी मरणाच्या दारात असल्याचा दाखला हवा! मार्ला नावाची दुसरी तोतया तिथे येते, त्याचं रडणं आटतं, आणि मग त्याच्याच डोक्यातून मारामारीचा क्लब काढणारा टायलर डर्डन उगवतो. म्हणजे ठोसा हा मिठीची जागा भरायला आलेला आहे.

डेव्हिड फिंचरचा १९९९ चा सिनेमा या कादंबरीहून देखणा, आणि तीच त्याची पंचाईत. जाहिरातीतल्या पीळदार पुरुषांची टर उडवायची आणि ती उडवायला टायलर म्हणून ब्रॅड पिट उघड्या अंगानं उभा करायचा. प्रेक्षक काय घेऊन घरी जाणार? तिकीटबारीवर सिनेमा बेताचाच चालला, नंतर डीव्हीडीवर मात्र पंथ उभा राहिला.

सिनेमानं शेवटही बदलला. कादंबरीत टायलरनं आखलेले स्फोट फसतात आणि निवेदक वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. पडद्यावर इमारती कोसळतात. २०२२ मध्ये चीनच्या टेन्सेंट या कंपनीनं आपल्या व्हिडिओ-सेवेवर तो स्फोट कापून, पोलिसांनी कट उधळला आणि टायलरला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं, अशी पाटी लावली. पॉलनिकनं टोला हाणला, की हे तर माझ्या पुस्तकाच्या जास्त जवळ आहे.

कादंबरीच्या पुढच्या गोष्टीचं कॉमिक आलं २०१५ मध्ये, कॅमेरॉन स्टुअर्टच्या चित्रांसह. आता निवेदकाला सेबास्टियन असं नाव आहे, घर आहे, मुलगा आहे आणि टायलरला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. मार्ला त्याची बायको. कंटाळून तीच गोळ्यांची अदलाबदल करते. मला हा भाग पसरट वाटला, पण एक गोष्ट आवडली: पॉलनिक स्वतःच पात्र होऊन पानांवर वावरतो. एकट्या पडलेल्या पुरुषाचं दुखणं सांगायला त्यानं जो टायलर घडवला, त्याला वाचकांनी गुरू करून टाकलं होतं. तो परत ताब्यात घ्यायला लेखकच कथेत उतरलाय आणि टायलर त्याला जुमानत नाही. २०१९ मध्ये कॉमिकचा त्याच्याही पुढचा भाग आला. तो मी अर्ध्यावरच सोडला.