प्रेमळ सिस्टर, दणकट मामा

मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या परिचारिकेला वेगळं शिक्षण लागतच नाही, असं मानणारी मंडळी कमी नाहीत. परवा एका अनुभवी प्रशासकांनी हे मत सूत्रासारखं मांडलं. डॉक्टर औषध लिहितात, सिस्टर ते देते, मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रुग्णाला धरतात. यात शास्त्र कुठून आलं? प्रेमळ सिस्टर, दणकट मामा आणि कुलूपकिल्ली असली की वॉर्ड चालतो. चालतो, खरं आहे. गोदामही एवढ्यावरच चालतं.

'नुसत्या गोळ्या देणं' म्हणजे काय ते आधी बघू. हॅलोपेरिडॉल सुरू झालेला रुग्ण काही दिवसांत येरझारा घालू लागतो. बसवलं तर उठतो, उभा राहिला तर पाय बदलत राहतो, ताटावरून मधेच चालू लागतो. प्रेमळ सिस्टर केसपेपरवर 'बेचैन, ऐकत नाही' असं लिहिते. मामा दरडावतात. रात्री फोनवर विचारून त्याच औषधाचं आणखी एक इंजेक्शन दिलं जातं, आणि सकाळी रुग्ण दुप्पट बेचैन! निष्कर्ष काय, तर आजार बळावला. वास्तविक तो अकॅथिजिया असतो, औषधानंच आणलेली अस्वस्थता, आणि तिच्यापायी जीव नकोसा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ती ओळखायची तर रुग्णाला विचारावं लागतं: डोक्यातल्या विचारांमुळे बसवत नाही, की पायच बसू देत नाहीत? औषधाआधी तो कसा बसत होता, हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. डोस कधी वाढला आणि येरझारा कधी वाढल्या, याचा मेळ घालावा लागतो. शेवटी डॉक्टरांना 'पेशंट त्रास देतोय' असं न सांगता 'डोस कमी करायचा का?' असं विचारण्याची हिंमत लागते. राउंड आटोपून डॉक्टर गेल्यावर उरलेला दिवस आणि अख्खी रात्र हे बघणार कोण? प्रेम?

इतर औषधांचंही तेच. लिथियम घेणाऱ्याला उलट्याजुलाब होऊन हात जोरात थरथरू लागले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना कळवायचं असतं. क्लोझापिनवरच्या रुग्णाला ताप आणि घसादुखी झाली, तर आधी रक्त तपासायचं असतं.

मग बांधून ठेवण्याचा तो जुनापुराणा वाद. माणसंच कमी, बांधू नको तर काय करू, हे रडगाणं ऐकून कान किटले. तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत २८ जण दगावले. साखळदंडांमुळे त्यांना पळता आलं नाही. ते काही रुग्णालय नव्हतं, आमचा काय संबंध, हेही आम्हाला ऐकवून झालं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ९७ वं कलम मात्र सरळ सांगतं की केवळ मनुष्यबळ कमी आहे म्हणून रुग्णाला बांधता येत नाही, शिक्षा म्हणूनही नाही. एवढं वाचायला दणकटपणा लागत नाही. (मामा-मावशींवर माझा राग नाही. कितीतरी रुग्णांचं गाव फक्त त्यांनाच ठाऊक असतं.)

बरं, मग हवं काय? अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्येच परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा पाया मानला होता. त्या नात्याला सुरुवात असते, काम असतं आणि ठरवून केलेला शेवटही असतो. नुसत्या मायेहून ते वेगळं. भीतीनं गांगरलेल्या माणसाशी छोट्या वाक्यांत बोलावं, आत्महत्येबद्दल थेट विचारावं, कारण विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, आणि नैराश्य उतरून अंगात बळ येऊ लागलं तरी पहारा सैल करू नये, हे सगळं शिकवावं लागतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, मनोरुग्णालय कुठलंही असो, हे शिकून आलेल्या सिस्टरला वॉर्डात जरा रुळू द्यावं. तिची ओळख रुग्णांना पटते न पटते तोच तिला बाळंतिणींच्या वॉर्डात धाडू नये. या मागणीला निधी लागत नाही, समितीही लागत नाही. साहेबांनी बदलीच्या फाइलवर सही तेवढी करायची नाही.