आसवं नकोत, स्टिअरिंग दाखवा

‘पॉप गाणं म्हणजे बाजार, चळवळीचं तिथं काय काम?’ असं आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात. मैत्रिणींनो, मला हे मान्य नाही.

२००० साली ‘ब्रेकथ्रू’ संस्थेनं स्त्रियांच्या स्वप्नांवरचा ‘मन के मंजीरे’ हा अल्बम काढला. शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं, आवाज शुभा मुद्गलांचा. व्हिडिओत मीता वसिष्ठ ट्रक चालवते. त्यामागे होती एका खऱ्या बाईची कहाणी. आपली पत्रकं जिथं कधी पोचली नसती, तिथं ही बाई पोचली. तीही रडत नव्हे, ट्रक हाकत.

आमच्या यवतमाळात कॅमेरा येतो तो बहुधा आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचे ओले डोळे टिपायला. कापूस वेचणारे, कर्ज फेडणारे तिचे हात त्याला क्वचितच दिसतात. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं का, हे विचारतो कोण? याच शहरात जानेवारी २०१९ मध्ये ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्याही शेतकऱ्याच्या विधवा, ‘तेरवं’ नाटकात काम करणाऱ्या. माईक हाती आला की बाई बोलते. प्रश्न तो देण्याचा आहे.

तेव्हा गाणं करूच. पण शब्द वेचणीवरच्या बायांचे हवेत, श्रेयनामावलीत त्यांची नावं आणि पैशात त्यांचा वाटा. चित्रीकरण आधी त्यांनी पाहावं, नको ते कापायला लावावं. एवढं जमत नसेल, तर कॅमेरा घरीच ठेवा. बाईच्या दुःखाचं दुकान मांडणारे आधीच पुष्कळ आहेत.