‘तुम्हीच मुलांना जात शिकवता’

पालकसभेत एक गृहस्थ उठले आणि आमच्याकडे हात करून म्हणाले, “मुलांना जातधर्म काही ठाऊक नसतो. तुम्हीच येऊन शिकवता.” टाळ्या पडल्या. वाक्य सुटसुटीत होतं, टाळ्या पडणारच.

आम्ही म्हणजे दोन निवृत्त शिक्षिका, एक रिक्षावाले, एक शिंपी, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला मी आणि तीन-चार आया. दर शनिवारी आमच्या तालुक्याच्या गावातल्या तीन शाळांत जातो. वेगवेगळ्या गल्ल्यांतली, वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र बसवून त्यांना काहीतरी कामाला लावतो. मानधन नाही, पावतीपुस्तकही नाही.

जुन्या वादांत आधी पूर्वपक्ष मांडत, आणि तो प्रतिपक्षालाही पटेल असा मांडत. तेव्हा गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं: मूल कोरं असतं, ज्याची त्याला जाणीव नाही त्याची चर्चा करून आपण ती जागी करतो, शाळा अभ्यासासाठी आहे, आणि बाहेरची माणसं वर्गात आली की त्यांच्यामागे कोण आहे हे विचारायचा पालकांना हक्क आहे.

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. विचारा, दर वेळी विचारा. आमच्या तासाला वर्गशिक्षक हजर असतात आणि खडू-कागदाचा खर्च आम्ही आपसात वाटून घेतो. उद्या आमच्यातला कोणी एखाद्या पक्षाचं पत्रक घेऊन आला, तर त्याला फाटकाबाहेर काढायला मी पहिला असेन.

पण मूल कोरं? शाळेत नाव घातल्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये धर्म आणि जात लिहिली जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती छापून मिळते. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की भर वर्गात प्रवर्गाचं नाव घेऊन ‘या मुलांनी ऑफिसात या’ असा पुकारा होतो आणि उरलेले चाळीस जण मान वळवून बघतात. शिष्यवृत्ती हवीच, पुकारा कशाला हवा? २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात अंडं आलं, न खाणाऱ्यांसाठी केळं. सोय चांगली. एका शाळेत मात्र वाढायला सोपं म्हणून दोन रांगा केल्या, आणि पंधरा दिवसांत मुलं एकमेकांना ‘अंडेवाला’, ‘केळेवाला’ म्हणू लागली. त्या शाळेत आम्ही तोवर पाऊलही टाकलं नव्हतं.

अभ्यासाचं म्हणाल तर त्यावर माप घेऊन झालेलं काम आहे. दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतली मुलं घ्यावी लागली. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष छापले: गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं अधिक उदार झाली, भेदभाव कमी करू लागली, गणित-हिंदीत त्यांचं काही बिघडलं नाही, इंग्रजीचे गुण किंचित उतरले. ते किंचित मी लपवत नाही. तेवढी किंमत जड वाटणारे पालक असतील. त्यांनी तसं उघड म्हणावं, ‘मूल कोरं असतं’ या वाक्याआड बसू नये.

एक आक्षेप गृहस्थांनी घेतला नाही, तो मला माझ्याच मित्राने चहावर ऐकवला, आणि तो सगळ्यांत जड आहे. “शनिवारच्या एका तासाने काय होणार? पेटायचं ते पेटतंच.” मी त्याला भिवंडी सांगितली. १९८४ मध्ये हे यंत्रमागांचं गाव हिंदू-मुसलमान दंगलीत होरपळलं. १९८८ मध्ये तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: दोन्ही समाजांतली रोजची माणसं आणि त्या भागातला पोलीस, नियमित एकत्र बसायचं, नळ-गटार-भांडण काय असेल ते बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत शांततेवर व्याख्यानं किती झाली असतील? नळ-गटारावरच बहुतेक वेळ गेला असणार. अफवा आली तेव्हा खरं-खोटं कोणाला विचारायचं हे माणसांना ठाऊक होतं, इतकंच.

आता आमच्याच पंथाला चार शब्द. विविधतेच्या नावाखाली शाळांत जे चालतं त्यातलं बरंचसं वेषभूषा-स्पर्धा असतं. एकाला फेटा, एकाला गोल टोपी, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रूस, फोटो, आणि सुटीत सगळे आपापल्या टोळक्यात. ह्याने मुलाला एवढंच कळतं की मुसलमान म्हणजे टोपी. ह्या बाबतीत गृहस्थांचा आरोप खरा ठरतो: इथे आपण शिकवतोच.

नुसतं समोरासमोर आणणंही पुरत नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या लीग भरवून हे तपासलं. त्यांचा निबंध २०२१ चा. मिश्र जातींच्या संघात खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली. परजातीचे खेळाडू फक्त समोरच्या संघात भेटले तर एकूण परिणाम उलटा होता. म्हणजे ‘गल्ली विरुद्ध गल्ली’ सामने ठेवून एकोपा वाढतो असं मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी जरा थांबावं. आम्ही दोन वर्षं तेच केलं होतं.

हे महाराष्ट्राला परदेशी निबंधांतून कळावं याचीही मला लाज वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र रांधत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने त्या पंगतीत गेले. समतेचा स्वतंत्र तास तिथे कशाला लागला असता? चूल एक होती, आणि भाकरी करपली तर सगळ्यांची करपत होती.

ती चूल आम्हाला शनिवारच्या तासात पेटवता येत नाही, म्हणून यंदा आम्ही पाणी घेतलं. सातवीच्या मुलांचे चार-चारांचे गट केले, प्रत्येक गटात चार वेगळ्या गल्ल्यांतले. काम एकच: गावात नळाला कुठे किती वाजता आणि किती वेळ पाणी येतं याचा नकाशा. प्रत्येकाला फक्त आपली गल्ली ठाऊक, त्यामुळे दुसऱ्याला विचारल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. युक्ती आमची नव्हे. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत गोरी-काळी मुलं नव्याने एका वर्गात आली तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी धडा असाच तुकड्या-तुकड्यांत वाटून दिला होता.

तीन शनिवारांत नकाशा झाला. धर्म हा शब्द कोणी उच्चारला नाही, जातही नाही. मशिदीमागच्या वस्तीत आणि ओढ्याकाठी पाणी पहाटे तीनला येतं, तेही एक दिवसाआड, हे निळ्या पेन्सिलीने रंगवलेलं दिसलं. मुख्य रस्त्याच्या दोन आळ्यांत रोज दोनदा येतं. त्यातल्या एका आळीत आमचे गृहस्थ राहतात. त्यांचा मुलगा ज्या गटात होता त्यातली मुलगी तीनला उठून हंडे भरते आणि पहिल्या तासाला पेंगते. आजवर तो तिला ‘झोपाळू’ म्हणून चिडवत होता. त्याने घरी जाऊन बापाला विचारलं, आपल्याकडे दोनदा का?

गृहस्थांनी परवा मुख्याध्यापकांना पत्र दिलं. या वेळी तक्रार अशी की, आम्ही मुलांना नगरपालिकेच्या कामात ओढतो. जातीचा उल्लेख पत्रात नाही.