अंदाज नको, घड्याळ हवं!

पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्या मुकुंदवाडीत पहाट जरा लवकरच होते. अंधारातच मुलं-मुली धावायला बाहेर पडतात. त्यात मुलीही आहेत, याचं मला फार कौतुक वाटतं. पण 'तयारी कशी आहे?' असं विचारलं, की मुलगे म्हणतात, 'ग्राउंड निघालंच समजा!' आणि मुली म्हणतात, 'बघू, दम लागतो हो.' दोन्ही उत्तरांत आकडा मात्र कुठेच नसतो.

मैत्रिणींनो, भरतीची शारीरिक चाचणी 50 गुणांची असते. मुलींसाठी 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि चार किलोच्या गोळाफेकीला 15 गुण. निम्मे मिळाले तरच पुढे लेखी. तिथे सेकंदावर गुण ठरतात. आणि आपल्या लेकी रस्त्यावर 'दोन चकरा' मारतात! त्या किती मीटरच्या, किती वेळात, कोण मोजतं? सोबतच्या मुलीच्या पुढे राहिलं की तयारी झाली असं वाटतं. पण मैत्रीण म्हणजे काही मोजपट्टी नव्हे.

फाजील विश्वास जिवावरही बेततो. जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुणांनी जीव गमावला. ऊन होतं, सोयी अपुऱ्या होत्या. दोष त्यांच्या माथी मारायचा नाही. पण चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबायचं, हे घरातूनच शिकवायला हवं.

मुलींचं दुखणं उलटं. दम लागला की 'मुलीची जात, जमायचं नाही' असं आपणच म्हणून टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. मग दोष पायांचा की रक्ताचा? हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी निघालं तर डॉक्टरांना दाखवा. ताटात पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, डाळ भावाइतकीच वाढा.

आणि एक करा. 400 मीटरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या म्हणजे 800 मीटर. दर आठवड्याला घड्याळ लावून लेकीची वेळ वहीत लिहा. ती वही खोटी स्तुती करणार नाही आणि उगीच खच्चीही करणार नाही. वर्दीचं स्वप्न तिचं आहे. निदान घड्याळ तरी आपण धरू या!