आईची डोकेदुखी आणि चष्म्याचं दुकान

रात्री गुंजन चौकात सिग्नलला थांबल्यावर आई कधी म्हणालीये का, ‘दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत’? संध्याकाळी डोकं धरतं, डोळा जड होतो, झोपून उठली की बरं वाटतं? आपण काय करतो, क्रोसिन देतो. फारच झालं तर येरवड्यातल्याच एखाद्या चष्म्याच्या दुकानात नेतो. तिथे नंबर कळतो, काचबिंदू नाही.

डोळ्यात सतत पाणी तयार होत असतं. बुबुळाच्या रंगीत पडद्याच्या कडेला एक कोन असतो, तिथून ते बाहेर पडतं. काहींचा हा कोन मुळातच अरुंद. वय वाढतं तसं आतलं भिंग जाड होतं, पडदा पुढे रेटला जातो आणि मोरी तुंबावी तसं पाणी तुंबतं. मधल्या काळात डोळ्याचं प्रेशर नॉर्मलही येतं. म्हणून नुसतं प्रेशर बघून भागत नाही. डोळ्याला भिंग टेकवून कोन पाहावा लागतो, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. चाळिशी ओलांडलेल्या आईबाबांना लांबचा प्लस नंबर असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर ही तपासणी तुम्ही मागून घ्या. पूल ओलांडला की ससून काही लांब नाही.

मग लेझर. थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि पडद्याच्या कडेला बारीकसं भोक पाडतात. पाण्याला दुसरी वाट मिळते. काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी.

पण कोन नुसता अरुंद आहे म्हणून लगेच लेझर, हे मला पटत नाही. चीनमधल्या ग्वांगझूत अशा 889 जणांच्या एकाच डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत लेझर केलेले 19 डोळे बिघडले, न केलेले 36. फायदा झाला, पण मुळात धोकाच थोडा होता. आपल्या वेल्लोरमध्ये मात्र अशा 50 पैकी 11 जणांचा आजार पाच वर्षांत पुढे सरकला. म्हणजे लेझर टाळलं तरी दरवर्षीची तपासणी टाळायची नाही. आणि प्रेशर वाढलेलं असेल किंवा कोन चिकटायला लागला असेल, तर ‘परीक्षा संपू दे, मग बघू’ अजिबात नको. गेलेली नजर लेझरनं परत येत नाही.

आणि हो, कोन अरुंद निघाला तर सर्दीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यातल्या काहींनी कोन एकदम बंद होऊ शकतो.