धरण बदलले, ठेकेदार तोच!

तिलारी धरणासाठी दोडामार्गातली आयनोडे, सरगवे, केंद्रे, शिरंगे ही गावे उठली. प्रकल्पाचा खर्च 'सुप्रमा'ने, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेने, वाढत गेला. धरणग्रस्तांना मात्र कबूल केलेल्या नोकरीसाठी वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. खर्च वाढवायला सही पुरते, हक्क मिळवायला उपोषण लागते. हा कुठला न्याय?

सुप्रमा हा गुन्हा नाही. पायथ्याशी कातळ किती खोल आहे, हे खोदल्यावरच कळते. म्हणून तर राज्याच्या बी-१ करारातील कलम ३८ एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढेल, हे गृहीत धरते. पण याच कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचे कर्जत तालुक्यातील कोंढाणे धरण पाहा. उंची ३९ मीटरवरून ७१ मीटर, खर्च सुमारे ५६ कोटींवरून सव्वातीनशे कोटींच्या वर आणि नवी निविदा नाही! हा बदल नव्हे, हे दुसरे धरण आहे. प्रकरण पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेले.

"पुन्हा निविदा काढली तर काम रखडेल," असे अधिकारी सांगतात. तीस-तीस वर्षे रखडलेल्या प्रकल्पांच्या राज्यात हे कारण कुणी द्यावे?

मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्याबाबत रमणा शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच तत्त्व घालून दिले: जाहीर केलेली अट सरकारला एकासाठी मागाहून सैल करता येत नाही. कारण त्या अटीमुळे जे अर्ज न करता घरी बसले, त्यांच्या समानतेचे काय? हेच कलम १४. ५६ कोटींचे काम पाहून जे आले नाहीत किंवा हरले, त्यांना सव्वातीनशे कोटींच्या कामाची संधी कधी मिळाली?

आपल्या समाजातला पहिल्या पिढीचा कंत्राटदार निविदेच्या दारातूनच आत येऊ शकतो. मंत्रालयात त्याचा मामा नसतो. कर्नाटकाने सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण दिले, पण तेही निविदा निघाली तरच लागू होते. जुन्याच करारात नवे काम कोंबले की आरक्षण, स्पर्धा, समानता सगळे कागदावर राहते.

म्हणून मागणी सरळ आहे. २५ टक्क्यांवरची प्रत्येक वाढ कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कामाचे स्वरूपच बदलले, तर नवी निविदा काढा. आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसन पूर्ण झाल्याच्या दाखल्याशिवाय एकही सुप्रमा नको.

तिजोरी ठेकेदाराची नाही, आपली आहे. हिशेब मागायला शिका.

जय भीम!